डेटनची विक्रीशाळा
विक्रेता जन्मावाच लागतो, हा समज अमेरिकेतील डेटन शहरात जॉन पॅटरसन यांनी मोडीत काढला. 1884 मध्ये त्यांनी कॅश रजिस्टरचा कारखाना विकत घेतला. 1887 मध्ये विक्रीचे संवाद छापून विक्रेत्यांना ते पाठ करायला लावले आणि पुढे तर शाळाच काढली.

शाळा कंपनीचीच. कमाई कमिशनवर, पण प्रत्येकाचा इलाखा राखीव.

थॉमस वॉटसन यांच्याकडे पदवी नव्हती. होता तो वर्षभराचा हिशेब-व्यापाराचा अभ्यासक्रम. 1896 मध्ये ते बफेलोत पॅटरसन यांच्याच कंपनीचे विक्रेते झाले. पुढे आयबीएम नावारूपाला आणली ती त्यांनीच. असे वॉटसन विरळाच, हेही खरे.

आज विक्री शिकवणाऱ्या अनेक अभ्यासक्रमांत मात्र शुल्क विद्यार्थी आधी भरतो आणि कमिशनची अनिश्चितताही त्याच्याच वाट्याला येते. म्हणून प्रवेशापूर्वी माजी विद्यार्थ्यांना गाठून ठरलेला पगार किती, कमिशन किती, हे जरूर विचारावे.