ओलेड दूरचित्रवाणी संच : चित्रगुणवत्ता व चित्रसंस्करण

कार्बनी संयुगांच्या प्रकाशोत्सर्जक डायोडांचा (ओलेड) पडदा असलेला दूरचित्रवाणी संच. एलसीडी पडद्यामागे प्रकाशाची वेगळी सोय लागते. ओलेडचा प्रत्येक पिक्सेल स्वतः उजळतो आणि पूर्ण विझूही शकतो. म्हणून त्यावर काळा रंग खरोखर काळा दिसतो.

इतिहास व रचना : ईस्टमन कोडॅकमधील चिंग टँग व स्टीव्हन व्हॅन स्लाइक यांनी कमी विद्युत्‌दाबावर चालणारा ओलेड १९८७ मध्ये प्रसिद्ध केला. बाजारात आलेला पहिला संच सोनीचा एक्सईएल-१ (२००७). त्याचा पडदा ११ इंची, ९६० × ५४० पिक्सेलांचा होता. एलजीचा ५५ इंची संच २०१३ मध्ये आला. त्याच्या पद्धतीत पांढऱ्या प्रकाशापुढे रंगगाळण्या असतात आणि गाळणी नसलेला चौथा उपपिक्सेल उजेड वाढवतो. २०२२ मध्ये आलेल्या क्यूडी-ओलेड संचांत निळ्या प्रकाशापासून क्वांटम डॉट लाल व हिरवा रंग निर्माण करतात.

चित्रसंस्करण : मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले, ते ६२५ रेषांच्या पद्धतीवर. त्याच पद्धतीतून आलेल्या एसडी चित्रात ७२० × ५७६, म्हणजे ४,१४,७२० पिक्सेल असतात. ४के पडद्यावर ते ८२,९४,४००, म्हणजे बरोबर वीसपट असतात. जळगाव जिल्ह्यातील फैजपूरच्या घरात एसडी मराठी वाहिनी अशा संचावर लावली, तर पडद्यावरील बहुतेक पिक्सेलांची किंमत प्रोसेसरला शेजारच्या पिक्सेलांवरून काढावी लागते. सम-विषम रेषांचे अर्धे भाग जोडणे, संकोचनामुळे आलेले चौकोन पुसणे आणि कडा रेखीव करणे हीही त्याचीच कामे. कडा अति रेखीव केल्या, तर चेहऱ्याभोवती पांढरी किनार उमटते.

८ बिटांच्या चित्रात प्रत्येक रंगाच्या २५६च पायऱ्या असतात. गडद दृश्यात त्या पट्ट्यांसारख्या दिसतात. ओलेडचा काळा निखळ असल्याने हा दोष अधिक जाणवतो. ओलेड पिक्सेल क्षणात बदलतो, त्यामुळे सेकंदाला २४ चौकटींचा चित्रपट कॅमेरा सरकताना अडखळतो. मधल्या चौकटी तयार करून गती सलग करता येते, पण मग चित्रपट मालिकेसारखा भासतो. एचडीआर (दीप्तीचा पल्ला मोठा असलेल्या) चित्रातील दीप्ती पडद्याच्या आवाक्याबाहेर असेल, तर ‘टोन मॅपिंग’ने ती आवाक्यात बसवतात.

मर्यादा : पडद्याचा मोठा भाग पांढरा असला की वीज व उष्णता आवरण्यासाठी संच उजेड कमी करतो. वाहिनीचे बोधचिन्ह वर्षानुवर्षे एकाच जागी राहिल्यास तेथील पिक्सेल असमान झिजून कायमचा ठसा उमटू शकतो; तो टाळण्यासाठी संच चित्र किंचित सरकवतो व बोधचिन्ह मंद करतो. उष्णतेने झीज वाढते. अनेक संचांसाठी भोवतालच्या तापमानाची मर्यादा ४०° से. असते, तर जळगाव जिल्ह्यात मे महिन्यात दुपारी पारा ती ओलांडतो. त्यामुळे संचामागे हवा खेळती ठेवावी लागते.

मांडणी : प्रखर उजेडाच्या खोलीत काळ्या रंगाचा लाभ घटतो, म्हणून संच खिडकीसमोर नसावा. चित्रपटासाठी २०१९ मध्ये जाहीर झालेला ‘फिल्ममेकर मोड’ गती सलग करणे व कडा रेखीव करणे बंद ठेवतो. एसडी वाहिनीसाठी मात्र मध्यम संस्करण उपयोगी ठरते.