तेल, शीर आणि लिव्हर

मंडळी, आमच्या खर्डीकडे (कसारा लाइन!) जुन्या लोकांना तेल म्हटलं की खुरासणी आठवते. तेल पोटात जातं, आतडं हवं ते घेतं, नको ते सोडून देतं. पण ज्याचं आतडंच काढून टाकावं लागलंय, त्याने तेल घ्यायचं कुठून? थेट शिरेतून!

नुसतं ग्लुकोजचं सलाईन म्हणजे जेवण नव्हे. तेलाच्या एका ग्रॅममध्ये ९ कॅलरी, साखरेच्या दुपटीहून जास्त. पण तेल रक्तात मिसळणार कसं? अमेरिकेत सरकीच्या तेलाचं इमल्शन करून पाहिलं. ताप, कावीळ असे त्रास झाले आणि १९६०च्या दशकात ते बंद पडलं. स्वीडनमध्ये आर्विड व्रेटलिंड यांनी सोयाबीन तेल अंड्याच्या बलकातल्या लेसिथिनने फेटलं, आणि १९६२ साली 'इंट्रालिपिड' आलं. पुढे १९६८ साली अमेरिकेत स्टॅन्ली डड्रिक यांच्या टीमने दाखवून दिलं, की निव्वळ शिरेतून अन्न देऊनही तान्हं बाळ वाढतं.

भुकेचा प्रश्न सुटला, आणि लिव्हरचा सुरू झाला. महिनोन्‌महिने असं अन्न घेणाऱ्या बाळांना कावीळ व्हायची, काहींचं लिव्हर पार निकामी व्हायचं. कारणं एक नाही, अनेक: इन्फेक्शन, जादा साखर, रिकामं बसलेलं आतडं. पण तेलावरचा संशय वाढत गेला. सोयाबीन तेलात वनस्पतींचे स्टेरॉल असतात. आतडं त्यांतले ५ टक्केही आत घेत नाही. शिरेतून दिलं की हा फिल्टरच बायपास! १९९३ साली लंडनच्या पीटर क्लेटन यांना अशा आजारी मुलांच्या रक्तात हे स्टेरॉल भरपूर सापडले. २००० साली फ्रान्समधल्या ९० रुग्णांच्या अभ्यासात, रोज किलोमागे १ ग्रॅमहून जास्त तेल घेणाऱ्यांत लिव्हरचा त्रास जास्त दिसला.

मग बोस्टनच्या कॅथलीन गुरा आणि मार्क पुडर यांनी सोयाबीनऐवजी माशाचं तेल दिलं. २००६ साली त्यांनी दोन बाळांची कावीळ उतरल्याचं छापलं. अमेरिकेत मुलांसाठी या तेलाला मंजुरी मिळाली ती २०१८ साली. आता गंमत बघा, इथे तेल बदललं तसा डोसही कमी झाला होता! श्रेय नक्की कुणाचं, हा वाद अजून आहे.

थोडक्यात काय, घरातलं कुणी असं दीर्घकाळ शिरेतून जेवत असेल, तर डॉक्टरांना दोन प्रश्न जरूर विचारा: तेल कुठलं आणि रोज किती?