स्वादुपिंडाचा कर्करोग आणि रेडिएशन: चाचणीत सामील झालेल्यांचा इतिहास

"चाचणीत भाग घ्याल का?" असं विचारलं, की बहुतेकांच्या मनात येतं, "म्हणजे माझ्यावर प्रयोग करणार?" ही भीती स्वाभाविक आहे. म्हणून आधी अशा चाचण्यांमधून काय हाती लागलं, ते पाहू.

स्वादुपिंड जठराच्या मागे असतं. तिथला कर्करोग उशिरा लक्षात येतो आणि शस्त्रक्रियेने गाठ काढली तरी बऱ्याचदा उलटतो. मग त्या जागी रेडिएशन द्यावं का? शेजारीच जठर आणि लहान आतडं असल्याने जास्त मात्रा देता येत नाही. फायदा जास्त की त्रास, हे नुसत्या तर्काने ठरत नाही.

१९७४ मध्ये अमेरिकेतल्या 'गॅस्ट्रोइंटेस्टायनल ट्यूमर स्टडी ग्रुप'ने शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांची चाचणी सुरू केली. कोण कोणत्या गटात, हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरलं. एका गटाला रेडिएशन आणि ५-एफयू हे केमोथेरपीचं औषध दिलं. दुसऱ्या गटावर फक्त देखरेख ठेवली. १९८२ पर्यंत, म्हणजे ८ वर्षांत, जेमतेम ४३ रुग्ण मिळाले. पण उपचार घेतलेल्यांपैकी निम्मे रुग्ण २० महिने किंवा अधिक जगले. दुसऱ्या गटात हा आकडा ११ महिने होता.

अमेरिकेत ही पद्धत रूढ झाली. मात्र गुण रेडिएशनचा की औषधाचा, हे कळलं नव्हतं. युरोपातल्या 'एस्पॅक-१' चाचणीत २८९ रुग्णांनी भाग घेतला आणि २००४ मध्ये उत्तर आलं. केमोथेरपीने आयुष्य वाढलं. रेडिएशनच्या गटात मात्र निम्मे रुग्ण सुमारे १६ महिने जगले, तर रेडिएशन न घेतलेल्यांमध्ये सुमारे १८ महिने. तिथल्या रेडिएशनच्या दर्जावर टीका झाली आणि वाद चालू राहिला.

पुढे नेदरलँड्समधल्या 'प्रीओपँक' चाचणीत २४६ रुग्णांपैकी निम्म्यांना केमोथेरपी आणि रेडिएशन शस्त्रक्रियेच्या आधीच दिलं. सुरुवातीला फरक ठळक नव्हता. २०२२ मध्ये मात्र दिसलं, की ५ वर्षांनी या गटातले सुमारे २० टक्के रुग्ण हयात होते. आधी शस्त्रक्रिया झालेल्यांमध्ये हे प्रमाण साडेसहा टक्के होतं. इथेही औषध सोबत होतंच, त्यामुळे रेडिएशनचा वाटा किती, हा प्रश्न उरलाच.

या इतिहासातून दोन गोष्टी घ्याव्यात. चाचणीतला नवा उपचार अधिक चांगलाच असेल, असं नाही. तसं ठाऊक असतं तर चाचणीच लागली नसती. आणि ज्यांना फक्त देखरेखीचा गट मिळाला, त्यांच्याशिवाय तुलनाच झाली नसती.

तुम्हाला कोणी चाचणीबद्दल विचारलं, तर सही करण्याआधी घरच्यांना सोबत घेऊन विचारा: गट कोणते? दुष्परिणाम कोणते? खेपा किती? खर्च कोणाचा? इजा झाली तर जबाबदारी कोणाची? आणि लक्षात ठेवा, संमती दिल्यावरही तुम्ही केव्हाही बाहेर पडू शकता. त्यामुळे तुमचे नेहमीचे उपचार थांबत नाहीत.