टपाल घेऊन उडणारी बोट

तामलवाडी हे सोलापूर–तुळजापूर रस्त्यावरचे गाव. समुद्र इथून अडीचशे किलोमीटरहून दूर. तरीही १९२९ साली लंडनहून कोणी या भागात विमानटपालाने पत्र धाडले असते, तर त्याचा थोडा प्रवास बोटीने झाला असता. मात्र ही बोट उडणारी होती.

३० मार्च १९२९ रोजी इम्पीरियल एअरवेजने लंडन–कराची विमानटपाल सुरू केले. लंडनजवळच्या क्रॉयडनहून बाझेलपर्यंत विमान, आल्प्स ओलांडायला रेल्वे, जिनोआहून अलेक्झांड्रियापर्यंत उडती बोट, तिथून कराचीपर्यंत पुन्हा जमिनीवरचे विमान, आणि पुढे भारतात रेल्वे. कराचीपर्यंतच सात दिवस लागत. भूमध्य समुद्र ओलांडणाऱ्या या बोटीच्या प्रकाराचे नाव होते 'कलकत्ता'. तिला तीन इंजिने होती आणि पंधरा प्रवासी बसत.

बोटच का निवडली? धावपट्ट्या तेव्हा थोड्या होत्या. बंदरातले पाणी आयते मिळे. शिवाय इंजिने वाटेत बंद पडत. अशा वेळी समुद्रावर उतरता येईल, हा मोठा दिलासा होता.

अडचण होती ती पाणी सोडण्याची. वर्गात एक प्रयोग करून पाहा. चमचा टोकाशी सैल धरा आणि त्याची फुगीर बाजू नळाच्या धारेला हळूच टेकवा. चमचा दूर ढकलला न जाता धारेकडेच ओढला जातो. वेगाने धावणाऱ्या बोटीचा वक्र तळही पाण्याकडे असाच ओढला जातो. म्हणून तळाला मध्येच एक आडवी पायरी ठेवतात. वेग वाढला की पाणी पायरीच्या कडेपाशी तळापासून सुटते, मागच्या भागाखाली हवा शिरते आणि ओढ कमी होते.

पायरीने हा प्रश्न सुटला, पण वादळाचा नाही. २६ ऑक्टोबर १९२९ रोजी 'सिटी ऑफ रोम' ही कलकत्ता बोट इटलीच्या स्पेझिया बंदराजवळ वादळात समुद्रावर उतरली आणि बुडाली. त्यातले सातही जण दगावले. ज्या पाण्याचा भरवसा धरला होता, त्यानेच घात केला.

आपल्याकडे पाण्याची अडचण उलटी होती. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटांनी कराचीहून टपाल मुंबईला आणले, ते जमिनीवरच्या विमानाने. पावसाळ्यात जुहूचे मैदान निकामी होई, तेव्हा ही सेवा पुण्याहून चाले.

दुसऱ्या महायुद्धात जगभर लांब, पक्क्या धावपट्ट्या झाल्या आणि टपालाला उडत्या बोटींची गरज उरली नाही. ती पायरी मात्र टिकली. पाण्यावरून उडणाऱ्या आजच्या विमानाचे चित्र मिळाले, तर विद्यार्थ्यांना ती शोधायला सांगा.