एका फळीची कुळकथा

वर्गांत एका इंग्रजी उताऱ्याचें मराठी भाषांतर चाललें होतें. उताऱ्यांतील खलाशी ‘ऑन बोर्ड’ गेला होता. एका विद्यार्थ्यानें त्याला सरळ मंडळावर नेमून टाकलें. वर्ग हंसला, आम्हीहि हंसलों. परंतु तास संपतांना त्याच विद्यार्थ्यानें विचारलें कीं, गलबत, मंडळ, जेवणखाण आणि भिंतीवरचा काळा फळा या चौघांना इंग्रजींत एकच शब्द कां? तेव्हां ‘कोश पाहा’ यापलीकडे उत्तर आम्हांला देतां आलें नाहीं. ज्या भाषेच्या अध्यापनांत आमचें बहुतेक आयुष्य गेलें, तिच्यांतील इतक्या साध्या शब्दापुढें अडावें, याची लाज वाटली. आणि विद्यार्थ्याला सांगितलेला कोश आम्हींच घरीं येऊन उघडला.

प्राचीन इंग्रजींत ‘बोर्ड’ म्हणजे फळी. लांकडी फळ्यांची ढाल तीहि ‘बोर्ड’च. आमच्या संस्कृत ‘फलक’ शब्दालाहि फळी आणि ढाल हे दोन्ही अर्थ आहेत. दूर दूर वाढलेल्या दोन भाषा लांकडाकडे पाहून एकाच विचाराला आल्या म्हणावयाच्या! याच उच्चाराच्या जवळपासचा दुसरा एक जुना शब्द होता, त्याचा अर्थ कड किंवा कांठ. गलबताची कड फळ्यांचीच असल्यामुळें हे दोन शब्द एकमेकांत असे मिसळून गेले कीं, पुढें त्यांस वेगळें करणें कठीण झालें. ‘ऑन बोर्ड’ची गांठ येथें आहे.

या गलबतावर अंमळ थांबण्यासारखें आहे. उत्तर युरोपांतील जुन्या गलबतांचें सुकाणू मागील टोंकास मध्यभागीं नसे; उजव्या कुशीस बांधलेल्या एका रुंद वल्ह्यानें गलबत वळवीत. म्हणून उजवी बाजू ती ‘स्टारबोर्ड’, म्हणजे सुकाणूची कूस. ताऱ्यांशीं त्या नांवाचा कांहीं संबंध नाहीं. आम्ही स्वतः कित्येक वर्षें तो आहे असें समजत होतों, हें कबूल केलेलें बरें. डाव्या बाजूस ‘लारबोर्ड’ म्हणत. वारा सुटला म्हणजे ‘स्टारबोर्ड’ आणि ‘लारबोर्ड’ कानाला एकच वाटणार, आणि सुकाणूवाल्यानें चुकीचें ऐकलें तर गलबत खडकावर जाणार! अखेर १८४४ सालीं ब्रिटिश आरमारानें हुकूम काढून ‘लारबोर्ड’ला रजा दिली आणि त्याच्या जागीं ‘पोर्ट’ हा शब्द नेमला. शब्द लोकांच्या तोंडीं बदलतात हें आपण नेहमीं ऐकतों. सरकारी हुकमानें बदललेला आणि खरोखरच बदललेला शब्द विरळा. गलबतें गेलीं तरी फळी राहिलीच आहे: विमानतळावर हातांत ‘बोर्डिंग पास’ घेऊन रांगेंत उभा असलेला प्रवासी त्या जुन्या खलाशाचीच भाषा बोलत असतो.

जमिनीवर या फळीचें दैव निराळें. मध्ययुगीन इंग्लंडांतील वाड्यांच्या दिवाणखान्यांत जेवणाचें टेबल कायमचें मांडलेलें नसे. घोड्यांवर फळ्या टाकावयाच्या, त्यांवर कापड पसरावयाचें, आणि जेवणें उरकलीं कीं सर्व उचलून भिंतीशीं लावावयाचें. टेबल म्हणजे ‘बोर्ड’, म्हणून त्यावरचें अन्नहि ‘बोर्ड’. पैसे देऊन परक्या घरीं जेवणारा तो ‘बोर्डर’, आणि मुलांच्या राहण्याजेवण्याची सोय ती ‘बोर्डिंग’. आमच्याकडे ‘पाटपाणी झालें’ म्हटलें म्हणजे पंगत बसणार हें जसें न सांगतां कळतें, तसेंच हें. फरक इतकाच कीं, त्यांनीं फळीवर पान वाढलें, आम्हीं फळीवर बसून पान पुढें घेतलें. ‘कपबोर्ड’ हें मूळचें कपाट नव्हेच. चांदीचे पेले मांडून ठेवण्याची ती उघडी फळी. आणि उघड, सचोटीच्या व्यवहाराला ‘अबव्ह बोर्ड’ म्हणतात तें जुगाऱ्यांमुळें: हात टेबलाखालीं गेला कीं पत्ता बदलला, असा खुलासा डॉ. जॉन्सन यांनीं आपल्या १७५५ च्या कोशांत करून ठेवला आहे.

जेथें जेवावयाचें तेथेंच, फळी तीच ठेवून, राजाचे सल्लागार मसलतीस बसत. हळूहळू टेबलाचें नांव त्याभोंवतीं बसणाऱ्या माणसांना मिळालें. राजवाड्याच्या खर्चाचा हिशेब पाहणाऱ्या मंडळाला तर टेबलावरील हिरव्या कापडावरूनच ‘हिरव्या कापडाचें बोर्ड’ म्हणत. फारसीतहि ‘तख्ता’ म्हणजे फळी आणि ‘तख्त’ म्हणजे सिंहासन. मराठींत ‘तक्ता’ आणि ‘तख्त’ दोन्ही आले आहेत. एकेकाळीं आम्ही वर्गांत मोठ्या ऐटीनें सांगत असूं कीं, पूर्वेकडे फळीवर एकटा राजा चढला, इंग्लंडांत फळीभोंवतीं अनेक जण बसले, आणि दोन संस्कृतींतील सारें अंतर यांत आलें. टाळ्याहि पडत.

इतिहास मात्र या सिद्धान्ताला साक्ष देत नाहीं. १७८४ च्या पिटच्या कायद्यानें ईस्ट इंडिया कंपनीच्या कारभारावर देखरेख करण्यासाठीं ‘बोर्ड ऑफ कंट्रोल’ स्थापन झालें. कागदावर त्याचे सहा सभासद. परंतु थोड्याच काळांत इतर सभासद नांवापुरते राहिले आणि अध्यक्ष हेंच बोर्ड झालें. युद्ध आणि तह यांविषयींचे गुप्त हुकूम कंपनीच्या अवघ्या तीन संचालकांच्या समितीमार्फत जात. बाकीच्या संचालकांस पत्ता नसे. १८३८ सालीं सुरू झालेलें अफगाण युद्ध आपण स्वतः केलें, संचालकांना त्याची माहिती नव्हती, असें त्या वेळचे अध्यक्ष हॉबहाउस यांनीं पुढें साक्षींत सांगून टाकलें. ज्या युद्धांत काबूलहून परतणारी जवळजवळ सगळी फौज बर्फांत मेली, तें एका माणसाच्या निर्णयानें झालें. आणि दप्तरांत त्या माणसाचें नांव ‘बोर्ड’! तख्तावर बसणारा निदान सर्वांस दिसत तरी होता.

म्हणून शब्दच खोटा असें म्हणण्यासहि आम्ही तयार नाहीं. १८४० मध्यें मुंबईंत ‘बोर्ड ऑफ एज्युकेशन’ निघालें. त्याचें टेबल खरोखरीचें होतें. अध्यक्ष सर अर्स्किन पेरी यांचा कटाक्ष असा कीं, वरिष्ठ शिक्षण इंग्रजींतूनच द्यावें. त्याच टेबलाशीं बसून नाना शंकरशेट आणि कर्नल जर्व्हिस यांनीं त्यांस विरोध केला: ज्ञान जनतेपर्यंत जावयाचें तर तें तिच्या भाषेंतूनच गेलें पाहिजे. सत्ता पेरींच्या बाजूस होती. तरी नानांचें म्हणणें लेखी राहिलें, आणि तें अद्यापहि वाचतां येतें. इंग्रजी शिकवून पोट भरणाऱ्या आम्हांला तो वाद वाचतांना दरवेळीं थोडें अवघडल्यासारखें होतें. हें बोर्ड १८५५ मध्यें बंद होऊन शिक्षणखातें सुरू झालें.

पुढें मराठींत ‘बोर्ड’ तुकड्यातुकड्यांनीं आला. १८८४ च्या कायद्यानंतर गांवोगांव ‘लोकल बोर्ड’ झालें; १९६२ पासून जिल्हा परिषदा आल्या, तरी म्हाताऱ्या माणसांच्या तोंडीं शाळा कितीतरी दिवस ‘बोर्डाची’च राहिली. शहरांत शिकणारीं मुलें बोर्डिंगांत राहिलीं, दुकानांवर बोर्ड लागले. हे सगळे एकाच घरचे, याची कोणास शंकाहि आली नाहीं. वर्गांतील बोर्डाला मात्र आम्हीं ‘फळा’ म्हटलें, आणि नकळत इंग्रजी शब्दाच्या अगदीं पहिल्या अर्थावर जाऊन पोंचलों.

दुसऱ्या दिवशीं यांतील बरेंचसें आम्हीं त्या विद्यार्थ्याला सांगितलें. त्यानें शांतपणें ऐकून घेतलें, वहींतील ‘मंडळावर’ खोडून ‘गलबतावर’ लिहिलें, आणि बोर्डाच्या परीक्षेंत इंग्रजींत आपल्याला किती गुण मिळाले होते, तें आम्हीं न विचारतांच सांगितलें.