दोन दप्तरे : साथीचे दिवस आणि खानदेशातील घर

‘दप्तर’ या शब्दाला मराठीत दोन घरे आहेत. एक दप्तर इतिहाससंशोधकाचे, रुमालात बांधलेले, कपाटात ठेवलेले. दुसरे शाळकरी मुलाच्या पाठीवरचे. करोनाच्या साथीचा इतिहास लिहावयाचा झाल्यास पहिल्या प्रकारच्या दप्तरात सामग्रीची वाण पडणार नाही. जिल्हाधिकाऱ्यांचे आदेश आहेत, रोजचे आकडे आहेत, प्रतिबंधित क्षेत्रांच्या याद्या आहेत. परंतु मार्च २०२० मध्ये जे दुसरे दप्तर खुंटीला अडकवले गेले, ते खाली उतरेपर्यंत त्या खुंटीखालच्या घरात काय घडले, मुले कशी वाढली आणि आईबापांनी ती कशी वाढवली, याची नोंद कोणत्या कपाटात शोधावयाची? जळगाव आणि धुळे या दोन जिल्ह्यांपुरता हा प्रश्न मांडून पाहावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

आरंभ थोडा मागून करावा लागेल, कारण २०२० सालच्या मनाईहुकुमांचा आधार असलेला कायदा १८९७ सालचा आहे. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात प्लेगचे रुग्ण आढळले आणि फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग प्रतिबंधक कायदा अंमलात आला. अवघ्या चार कलमांचा हा कायदा सरकारला जवळजवळ अमर्याद अधिकार देतो : प्रवाशांची तपासणी, संशयितांना वेगळे ठेवणे, लागेल तो नियम करणे. मार्च २०२० मध्ये महाराष्ट्र शासनाने याच कायद्याचा आधार घेतला. सव्वाशे वर्षांत राज्यकर्ते बदलले, रोग बदलला, औषधे बदलली. घराच्या उंबरठ्यावर येऊन उभा राहणारा कायदा मात्र तोच राहिला.

प्लेगच्या त्या पहिल्या वर्षांत आजचे जळगाव आणि धुळे हे एकाच खानदेश जिल्ह्याचे भाग होते. पूर्व आणि पश्चिम खानदेश अशी विभागणी १९०६ साली झाली. येथील जुनी घरे धाब्याची. जाड मातीच्या भिंती, वर मातीचेच सपाट छत, खिडक्या थोड्या आणि लहान. वैशाखातल्या उन्हात हे घर थंड राहते, पण उजेड आणि वारा त्यात बेताचाच. उंदीर मरून पडू लागले की घर सोडावयाचे, ही गोष्ट दख्खनप्रमाणे येथील लोकही लवकरच शिकले. गावे रिकामी होत आणि माणसे शेतात, माळावर झोपड्या घालून राहत. तान्ही मुले, बाळंतिणी, म्हातारी माणसे, गुरे, दाण्यांची गाडगी, सारे उघड्यावर. त्यातच १८९९-१९०० चा भीषण दुष्काळ. म्हणजे एका बाजूने घर सोडावयाचे आणि दुसऱ्या बाजूने शेतात दाणा नाही, अशा कोंडीत त्या पिढीतील आयांनी मुले जगवली किंवा गमावली.

सरकारी छावणीची आणि रुग्णालयाची धास्ती रोगाइतकीच होती. नेलेले माणूस परत येत नाही, ही समजूत सर्वदूर होती. पुण्यातील जुलमी तपासणीचा शेवट २२ जून १८९७ रोजी रँडवर झालेल्या गोळीबारात झाला, हे आपण शाळेत शिकतो. त्याच पुण्यात त्याच वर्षी १० मार्चला सावित्रीबाई फुले यांचा प्लेगने मृत्यू झाला. रोगाने ग्रासलेल्या एका मुलाला पाठीवर घेऊन त्या दवाखान्यात पोहोचल्या होत्या. पहिली घटना इतिहासाच्या पाठात ठळक टायपात येते; दुसरीकडे आपण त्यागाची कथा म्हणून पाहतो. आजारी मूल कोणी उचलावयाचे, हा साथीच्या इतिहासातला मूलभूत प्रश्न आहे, असे आपल्याला क्वचितच वाटते.

मग त्या काळातील घर कोठे उरले? उरले ते साहित्यात, आणि तेही एका विशिष्ट मार्गाने. जळगावच्या बहिणाबाई चौधरींचे (१८८०-१९५१) उदाहरण घेऊ. ऐन तारुण्यात वैधव्य, शेतीचे कष्ट आणि लहान मुले. थोरला मुलगा ओंकार यास प्लेगमुळे कायमचे अपंगत्व आले, असे त्यांच्या चरित्रनोंदींत आढळते. बहिणाबाईंना लिहितावाचता येत नव्हते. जात्यावर, शेतात जे सुचे ते ओठांवर येई आणि विरून जाई. त्यातले काही सोपानदेवांनी व त्यांच्या मावसभावाने वेळोवेळी टिपून ठेवले आणि आईच्या मृत्यूनंतर ते आचार्य अत्रे यांना दाखवले. ‘बहिणाबाईंची गाणी’ १९५२ साली प्रसिद्ध झाली ती अशी. आईचे बोलणे मुलाने लिहून घेतले नसते, तर एवढे मोठे काव्य जात्याच्या पिठाबरोबर संपले असते.

हा एकच दाखला नाही. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रां’त प्लेगच्या दिवसांतील संसार दिसतो, त्या लेखनामागे मुलाचा, देवदत्तांचा आग्रह होता. साने गुरुजींचे औंध येथील शिक्षण प्लेगच्या साथीमुळे तुटले. साथीने शाळा सुटलेला हा मुलगा पुढे १९२४ साली अंमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक झाला, छात्रालयातील परक्या मुलांची आई झाला आणि १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात त्याने ‘श्यामची आई’ लिहिली. तिन्ही ठिकाणी सूत्र एकच आहे. आईबापांचे जगणे सरकारी दप्तरात शिरले नाही. मुलांनी लेखनिकाचे काम केले तेव्हाच ते टिकले.

आता २०२० कडे येऊ. प्लेगमध्ये घर हेच भयस्थान होते आणि सुटका बाहेर होती. करोनात हे उलटले. बाहेर भय आणि घर हीच सुटका, असे सांगण्यात आले. २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी लागू झाली. त्यापूर्वीच शाळा बंद झाल्या होत्या. दहावीचा भूगोलाचा शेवटचा पेपर २३ मार्चला व्हावयाचा होता, तो झालाच नाही. पुढे मे महिन्यातील केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांत दहा वर्षांखालील मुलांनी घरातच राहावे असे म्हटले गेले. सरकारी कागदात लहान मुलाचा स्पष्ट उल्लेख येतो तो असा, वृद्ध, व्याधिग्रस्त आणि गर्भवती यांच्या रांगेत, एका ओळीपुरता. ते मूल घरात दिवसभर काय करील, त्याच्याजवळ कोण बसेल, हे त्या ओळीच्या बाहेरचे.

आणि ऋतू कोणता? खानदेशातला उन्हाळा. पारा पंचेचाळीसच्या घरात, डोक्यावर पत्रा, एक पंखा आणि त्याखाली सहा माणसे. एरवी याच दिवसांत गल्लीतल्या बायका एकमेकींच्या गच्चीवर जमून पापड, कुरडया, बिबडे घालतात आणि पोरे वाळवणाभोवती राखणदारी करतात. त्या वर्षी वाळवण घातले गेले ते ज्याच्या त्याच्या गच्चीवर, गुपचूप. आखाजी २६ एप्रिलला आली. सासुरवाशिणीने मुलांना घेऊन माहेरी यावयाचे, झोका बांधावयाचा, गाणी म्हणावयाची, हा खानदेशातील बाईचा वर्षातला हक्काचा विसावा. बहिणाबाईंनी ज्या सणावर कविता केली, तो सण २०२० मध्ये जिल्हाबंदीत अडकला आणि २०२१ मध्ये, १४ मे रोजी, पुन्हा निर्बंधांतच उजाडला. सलग दोन वर्षे झोका रिकामा राहणे ही सांस्कृतिक हानी तर होतीच. पण त्याहून साधी गोष्ट ही की, मुलांचा भार काही दिवस आजी-मामाच्या घरावर टाकण्याची जी जुनी व्यवस्था होती, तीच मोडली. संगोपन हे एका जोडप्याचे काम कधीच नव्हते. टाळेबंदीने ते तसे करून टाकले.

शिक्षणाचे काय झाले? ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ असे घोषवाक्य शासनाने दिले. जुलै २०२० पासून सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ ही मालिका सुरू झाली. ‘असर’ने त्या वर्षी केलेल्या पाहणीनुसार देशाच्या ग्रामीण भागात शाळेत नाव असलेल्या मुलांपैकी सुमारे ६२ टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता, २०१८ मध्ये हेच प्रमाण सुमारे ३६ टक्के होते. हा आकडा प्रगतीचा म्हणून वाचता येतो. पण घरात फोन असणे आणि तो मुलाच्या हाती असणे यांत अंतर आहे. फोन बापाबरोबर शेतात जाई. दोन मुलांचे तास एकाच वेळी आले की, कोणी बसावयाचे हे आईला ठरवावे लागे, आणि त्या निवडीत बहीण मागे राहण्याचा धोका उघड होता. चोपडा, यावल, शिरपूर या तालुक्यांत सातपुड्याच्या कुशीतील पाड्यांवर तर फोनला टेकडी चढून रेंज शोधावी लागे. आमच्यापैकी ज्यांनी त्या काळात आभासी तास घेतले, त्यांना आठवते ते पडद्यावरच्या नावांमागून येणारे घर : कुकरची शिट्टी, रडणारे बाळ, दबक्या आवाजातले भांडण. आम्ही कविता शिकवीत होतो आणि ‘आवाज बंद ठेवा’ असे सांगत होतो. जे ऐकावयास हवे होते, तेच आम्ही बंद करावयास लावले.

सर्वांना घर तरी होते काय? मे महिन्यात मुंबई-आग्रा महामार्गावरून धुळे जिल्हा ओलांडून हजारो मजूर पायी मध्य प्रदेशच्या सीमेकडे चालले होते. खांद्यावर मूल, डोक्यावर बोचके. ‘घरी राहा’ या आज्ञेला त्यांनी दिलेले उत्तर हेच होते की, घरी राहण्यासाठी आधी घरी पोहोचावे लागते. रस्त्याकाठच्या गावांनी पाणी दिले, भाकरी दिली. आणि काही ठिकाणी भीतीने दारेही लावून घेतली. दोन्ही गोष्टी लिहिल्या पाहिजेत.

रुग्णालयाची जुनी धास्तीही परतली. जून २०२० मध्ये जळगावच्या शासकीय रुग्णालयातून बेपत्ता झालेल्या एका वृद्ध रुग्ण महिलेचा मृतदेह काही दिवसांनी तेथील स्वच्छतागृहात सापडला. त्या बातमीनंतर घराघरात ताप लपवला गेला असेल, तर तो अडाणीपणा म्हणून निकालात काढता येणार नाही. मुलांपासून अंतर राखून एका खोलीत पडून राहिलेली आई, दाराशी ताट ठेवून मागे सरणारे मूल, ही त्या वर्षांतील सामान्य दृश्ये होती. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत ज्यांचे आई किंवा वडील गेले, त्या मुलांसाठी योजना आल्या, याद्या झाल्या. यादीत नाव येते. रात्री मुलाला काय सांगितले, हे येत नाही.

येथे एक सावधगिरी हवी. मराठी साहित्याला आईविषयी लिहिताना गहिवर लवकर येतो. ‘श्यामची आई’चे अनुकरण करणाऱ्यांनी गहिवर उचलला आणि त्या पुस्तकातील कर्ज, जप्ती, अपमान यांचा हिशेब बाजूला ठेवला. टाळेबंदीतील घर असे लिहून चालणार नाही. त्यात प्रेम होते तसा मारही होता. केळीचे भाव पडले म्हणून बापाचा चढलेला आवाज होता, पगार थांबलेल्या माणसाचे दिवसभर भिंतीकडे पाहणे होते. प्रथमच स्वयंपाकघरात शिरलेला बाप होता आणि कधीही न शिरलेलाही होता. मुलांनी हे सारे पाहिले. शाळेत जे पाच वर्षांत कळले नसते, ते आईबापांविषयी त्यांना त्या काही महिन्यांत कळले.

आणि ती मुले आज कोठे आहेत? २०२० साली ज्यांचा भूगोलाचा पेपर हुकला, ती शाळा-महाविद्यालये ओलांडून पदव्युत्तर वर्गांपर्यंत येऊन पोहोचली आहेत. २०१८ साली बहिणाबाईंचे नाव ज्या विद्यापीठाला दिले गेले, त्याच्या वर्गांत ती बसतात आणि ‘स्मृतिचित्रे’ हा अभ्यासाचा विषय म्हणून वाचतात. त्यांच्याजवळ सोपानदेवांपाशी नव्हते एवढे लेखनसाहित्य आहे. नाही ती एक खात्री : आपल्या घरात घडले ते लिहिण्याजोगे आहे, ही.

धुळ्यात १९२७ पासून राजवाडे संशोधन मंडळ आहे. ज्यांच्या नावाने ते उभे राहिले, त्या राजवाड्यांनी गावोगावच्या घरांतून कागद गोळा केले, कारण इतिहास केवळ दरबारात नसतो हे त्यांना ठाऊक होते. अंमळनेरच्या छात्रालयात साने गुरुजी मुलांसाठी रोज हाताने ‘छात्रालय दैनिक’ लिहीत. या दोन्ही परंपरा आपल्या दाराशी असताना अध्यापकांनी एवढे तरी करावे : एका सत्राचा एक स्वाध्याय बाजूला ठेवून विद्यार्थ्यांना त्या दिवसांतील घर लिहावयास सांगावे. आईला विचारून, बापाला विचारून, धाकट्या भावंडांना विचारून. अहिराणीत, लेवा बोलीत, पावरीत, ज्या भाषेत ते घडले त्या भाषेत. गुण देऊ नयेत. शुद्धलेखन तपासू नये. केवळ तारीख आणि गाव लिहून ते जपून ठेवावे.

आठवणी फार काळ थांबत नाहीत. थांबल्या तरी सोयीस्कर होतात. खुंटीवरचे दप्तर खाली उतरून आता काही वर्षे झाली. ते कपाटातल्या दप्तराशेजारी ठेवावयाचे की नाही, हे ठरविण्याची वेळ अजून टळलेली नाही.