'हागेन-डाझ' : एका कल्पित नावाचा इतिहास

व्यापारी नावांकडे आपण बहुधा जाहिरातीचा भाग म्हणून पाहतो. वास्तविक नाव हाही एक ऐतिहासिक दस्तऐवज असतो. ते कोणी, केव्हा आणि कोणत्या अडचणीत घेतले हे तपासले, तर हिशेबाच्या वह्यांत न सापडणाऱ्या काही गोष्टी हाती लागतात. 'हागेन-डाझ' हे आइस्क्रीमचे नाव या दृष्टीने अभ्यसनीय आहे. हा शब्द डॅनिश वाटतो. परंतु डॅनिशमध्ये किंवा अन्य कोणत्याही भाषेत त्याला अर्थ नाही. नावातील एका अक्षरावर दिलेली दोन टिंबे डॅनिश लिपीत नाहीत आणि अखेरची अक्षरजोडी हंगेरियन वळणाची आहे. केवळ या परकीय नावाच्या मोहिनीवर हे आइस्क्रीम विकले गेले, असे सर्रास सांगितले जाते. प्रस्तुत लेखकास हे मत अपुरे वाटते.

या व्यवसायाचे संस्थापक रूबेन मॅटस यांचा जन्म १९१२ साली पोलंडमधील ज्यू कुटुंबात झाला. पहिल्या महायुद्धाच्या काळात वडिलांचे निधन झाले आणि १९२१ मध्ये विधवा आईसमवेत ते न्यूयॉर्कला आले. ब्रुकलिनमध्ये नातेवाइकाचा लिंबाच्या बर्फाचा व्यवसाय होता. तेथेच त्यांची उमेदवारी झाली. पुढे कुटुंबाने 'सिनेटर' या नावाने आइस्क्रीमचा स्वतंत्र व्यवसाय सुरू केला. माल घोडागाडीतून ब्राँक्समधील दुकानांत पोचवला जाई. १९३६ मध्ये रूबेन यांचा विवाह रोझ यांच्याशी झाला. त्या या व्यवसायात हिशेबनीस म्हणून काम करीत होत्या.

दुसऱ्या महायुद्धानंतर या छोट्या उत्पादकाची कोंडी झाली. मोठ्या कंपन्यांनी भाव पाडले आणि नव्या सुपरमार्केटांतील शीतपेट्या व्यापल्या. भाव पाडणे त्यांना कसे परवडले, हे समजण्यासाठी पदार्थाची घडण पाहावी लागते. आइस्क्रीम गोठताना ते घुसळले जाते आणि त्यात हवा मिसळते. अमेरिकेच्या केंद्रीय मानकानुसार आइस्क्रीममध्ये किमान १० टक्के दुग्धस्निग्धांश आणि एका गॅलनला किमान साडेचार पौंड वजन असावे लागते. न गोठवलेल्या मिश्रणाचे वजन गॅलनला सुमारे नऊ पौंड भरते. म्हणजे ग्राहकाने घेतलेल्या डब्यात जवळपास निम्मी हवा असली, तरी कायद्याची हरकत नाही. विक्री मापावर होत असल्याने हवेलाही दुधाचाच भाव मिळतो. दुधात पाणी घालणाऱ्या गवळ्याची अपकीर्ती आपल्याकडे जुनीच. येथे पाण्याची जागा हवेने घेतली होती, आणि तीही नियमात बसवून.

मॅटस दांपत्याने नेमकी उलट दिशा धरली. हवा कमी, साय अधिक, स्थिरकारक द्रव्यांऐवजी अंड्याचा पिवळा बलक, आणि भाव चढा. व्हॅनिला, चॉकलेट आणि कॉफी या तीनच स्वादांनिशी १९६० च्या सुमारास हे आइस्क्रीम बाजारात आले. दुकानदारांना नमुने चाखायला देऊन ते खपवण्याचे काम मुख्यत्वे रोझ यांनी केले.

अशा मालाला 'सिनेटर' हे जुने नाव साजेसे नव्हते. रूबेन यांनी नवे नाव स्वतःच जुळवले आणि डब्यावर डेन्मार्कचा नकाशा छापला. माल मात्र न्यूयॉर्कचाच होता. महायुद्धात डेन्मार्कने ज्यूंना वाचवले, म्हणून त्या देशाविषयीच्या कृतज्ञतेपोटी आपण डॅनिश वाटणारे नाव घेतले, असे त्यांनी पुढे सांगितले. १९४३ च्या ऑक्टोबरात डॅनिश नागरिकांनी सात हजारांहून अधिक ज्यूंना समुद्रमार्गे स्वीडनमध्ये पोचवले, ही घटना सर्वश्रुत आहे. डॅनिश लोण्याची ख्यातीही विक्रीला पोषकच होती. कृतज्ञता आणि व्यवहार यांपैकी एकच हेतू खरा मानण्याचे कारण नाही.

मुंबईच्या वाचकाला येथे 'पॉल्सन' आठवेल. पेस्तनजी एदलजी दलाल या पारशी गृहस्थांनी 'पॉली' या आपल्या लाडक्या नावावरून इंग्रजी थाटाचे हे नाव बनवले. त्यांचे लोणी इतके रुळले की 'पॉल्सन लावणे' हा शब्दप्रयोग खुशामतीसाठी रूढ झाला.

नावाची खरी कसोटी १९८० मध्ये लागली. 'फ्रुसेन ग्लाद्ये' या स्वीडिश वाटणाऱ्या नावाचे, परंतु अमेरिकी बनावटीचे आइस्क्रीम बाजारात येताच हागेन-डाझने न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयात धाव घेतली. आपल्या स्कँडिनेव्हियन धर्तीच्या विक्रीतंत्राची नक्कल झाली आहे, अशी तक्रार होती. न्यायालयाने अंतरिम मनाई नाकारली. ज्या आभासाबद्दल वादीची तक्रार आहे तो आभास वादीच्या स्वतःच्या डब्यानेही निर्माण होतो, तेव्हा स्वच्छ हातांनी आलेल्यालाच मिळणारा दिलासा त्याला देता येणार नाही, असा या निर्णयाचा आशय होता. निर्णय योग्यच वाटतो. तथापि त्याने व्यवसायाला धक्का बसला नाही. उलट १९८३ मध्ये पिल्सबरी कंपनीने हा उद्योग सुमारे सात कोटी डॉलरना विकत घेतला. प्रतिस्पर्धी नावही परकीय थाटाचेच होते, पण ते बाजारातून कधीच नाहीसे झाले. नावाखेरीज दुसरे काही कारण शोधावे लागते ते येथे.

पुढील काळात मालकी विभागली. २००१ मध्ये जनरल मिल्सने पिल्सबरी घेतली आणि अमेरिकेतील विक्रीचे हक्क नेस्लेकडे गेले. २००९ मध्ये अमेरिकेतील डबा १६ वरून १४ औंसांवर आला. हवेला विरोध करून उभ्या राहिलेल्या मालाची ही घट लक्षणीय आहे.

त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये दिल्लीतील साकेत येथे हागेन-डाझचे दुकान उघडले. आंतरराष्ट्रीय पासपोर्ट असणाऱ्यांनाच प्रवेश, अशा अर्थाचा मजकूर तेथील फलकावर होता. एका स्थलांतरित ज्यू कुटुंबाने आश्रयदात्या देशाच्या आठवणीने घेतलेल्या नावाखाली पासपोर्टची अट झळकावी, हे त्या नावाचा उगम विसरला गेल्याचे लक्षण होते. फलकावर संताप व्यक्त झाला. परदेशातली चव आता येथेच मिळेल एवढेच सुचवायचे होते, असा खुलासा कंपनीला करावा लागला.